बोटभर पट्टी आणि आपले डोळे

भूल दिलेल्या माणसाचे डोळे आपोआप मिटत नाहीत.

दोस्तहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. कारण आपल्याला वाटतं भूल म्हणजे झोप, आणि झोपलेल्याचे डोळे मिटलेलेच असतात. भूल म्हणजे झोप नव्हे. झोपेत पापणी आपली राखण करत असते, बुबुळ वर सरकून पापणीआड दडतं, डोळ्याला पाणी सुटत राहतं, आणि डोळ्यात काडी गेली तर गाढ झोपलेला गडीही ओरडून उठतो. भुलीत यातलं काहीच उरत नाही. पापणीचा स्नायू सैल पडतो, पाणी आटतं, बुबुळ जागच्या जागी राहतं आणि निम्म्याहून जास्त माणसांच्या पापण्यांत फट राहते. त्या फटीतून बुबुळ वाळतं. त्या फटीवरून भुलीचा मास्क घासतो, नळी घालताना वाकलेल्या डॉक्टरच्या गळ्यातलं ओळखपत्र लोंबतं, मनगटातलं घड्याळ फिरतं, वरून टाकलेल्या हिरव्या कापडाची कड घासते. माणूस ओरडत नाही. ओरडणार कसा? त्याला आपण भूल दिलीय.

यावरचा उपाय काय, तर बोटभर चिकटपट्टी. थेटरात मायक्रोपोरचं रीळ कायम पडलेलं असतं. सलाईनची सुई त्यानंच चिकटवतात. तीच पट्टी, दोन तुकडे. भूल चढली, पापणी हलायची थांबली, की लगेच, नळी घालायच्या आधी, दोन्ही डोळे मिटून आडवी लावायची. झालं काम. माणसाची दृष्टी दोन तुकड्यांवर टिकते आणि ते दोन तुकडे प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे. बाकीचा लेख त्या ‘एवढीच’चा हिशेब आहे.

मी कोण म्हणून हे सांगतो? एका सरकारी इस्पितळाच्या ऑपरेशन थेटरात मी सतरा वर्षं चतुर्थ श्रेणीत आहे. ट्रॉली ढकलणं, पेशंट टेबलावर घेणं, हातपाय बांधणं, लाईट फिरवणं, शेवटी रक्ताची फरशी पुसून घेणं. आम्हाला तिथं ‘मामा’ म्हणतात. बायांना ‘मावशी’. काल आलेलं पोरगंही म्हणतं, मामा ट्रॉली आणा, मावशी बादली न्या. नातं जोडतात, पण मामाचं कुणी ऐकत नाही. मामाने म्हटलं, ‘सायेब, पेशंटचा डोळा उघडा दिसतोय’, तर उत्तर येतं, ‘मामा, तुम्ही तुमचं काम बघा.’ आमचं काम ठरलेलं आहे. कुणाचं काय काम ते आपल्या देशात फार पूर्वीच ठरवून ठेवलंय, थेटरात फक्त त्याला हिरवे कपडे घातलेत.

आता मागच्या बैठकीतली गोष्ट. मी हा विषय काढला तर एक साथी म्हणाला, ‘हा डॉक्टरी विषय झाला. यात विद्रोह कुठाय? गावागावात अत्याचार चाललेत आणि तुम्ही पट्टीवर लेख लिहिणार?’ त्याचा राग खरा आहे, म्हणून उत्तर देतो.

महाडला 1927 साली आपण तळ्यावर गेलो ते काय तहान लागली म्हणून? पाण्यापुढे सारे सारखे की नाही, हा प्रश्न होता. पाणी ही साधी वस्तू होती म्हणूनच तो प्रश्न लख्ख दिसला. चिकटपट्टीही तशीच साधी वस्तू आहे. मोठी महागडी मशीन असती तर सरकार म्हणालं असतं, पैसा नाही, परवडत नाही, पुढच्या बजेटात बघू. पट्टीला ही सबब चालत नाही. पट्टी आहे, रीळ समोर आहे, हात मोकळे आहेत. तरी लागत नाही. मग अडलंय कुठं?

कुणी म्हणेल, हे नवं ज्ञान असेल, अजून इकडे पोचलं नसेल. खोटं. ज्या 1977 साली दलित पँथर बरखास्त झाल्याची घोषणा आपण ऐकली, त्याच 1977 साली बत्रा आणि बाली या दोन डॉक्टरांनी छापून ठेवलंय की भुलीत डोळे अर्धवट उघडे राहिलेल्या शंभरातल्या 44 जणांच्या बुबुळाला ओरखडा सापडला. शंभरात 44! आणि जिथं डोळ्यांची काळजी घेणं हा रोजचा रिवाज आहे तिथं काय होतं तेही लिहिलेलं आहे. अमेरिकेत शिकागोच्या विद्यापीठाच्या इस्पितळात 1988 ते 1992 या काळातले 60,965 पेशंट तपासले. डोळ्यांचं ऑपरेशन सोडून बाकीची ऑपरेशनं. डोळ्याला इजा झालेले निघाले 34. त्यातले 21 ओरखड्याचे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीकडची मोजायची रीत वेगळी आहे, मान्य. 1977 च्या डॉक्टरांनी एकेक डोळा रंग घालून तपासला, शिकागोवाल्यांनी कागदावर नोंद झालेल्या इजा मोजल्या. पण ही वजावट करूनही तफावत उरतेच, आणि तिच्यात नशिबाचा वाटा नाही. ती तफावत सवयीची आहे, शिस्तीची आहे, आणि कुणाच्या डोळ्याची पर्वा करायची याची आहे.

नामांतरासाठी आपल्याला 1978 पासून 1994 पर्यंत लढावं लागलं. घरं जळाली, माणसं गेली, कारण समोर विरोध करणारे उभे होते. पट्टीच्या विरोधात कुणी मोर्चा काढलेला नाही. पट्टीला कुणाचाच विरोध नाही आणि तरी पट्टी लागत नाही. ज्या गोष्टीला उघड विरोध असतो तिच्याशी लढणं आपल्याला जमतं. ज्या गोष्टीला कुणी विरोध करत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं, तिच्याशी लढायला आपण अजून शिकलेलो नाही.

एक मात्र स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या कुणी म्हणेल, बघा, यांना सगळीकडे जातच दिसते. कुठला भूलतज्ज्ञ पेशंटची जात विचारून पट्टी लावत नाही. मी तसं पाहिलेलं नाही आणि म्हणणार नाही. चांगले डॉक्टर मी पाहिलेत, स्वतःच्या हाताने पापणी मिटणारे, मधे मधे वाकून बघणारे. ओरखडा जात विचारत नाही. बामणाच्या बुबुळालाही होतो. जात येते ती ओरखड्यानंतर.

कशी येते ते सांगतो. आमच्याकडे एक बाई आली होती. बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली काम करणारी. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन. पोट व्यवस्थित झालं. वॉर्डात शुद्धीवर आली तसा तिचा हात सारखा डाव्या डोळ्याकडे. ‘डोळ्यात कुसळ गेल्यावाणी होतंय. उजेड सोसंना.’ सिस्टरने सांगितलं, पोटाचं ऑपरेशन झालंय तुमचं, डोळ्याचं नाही. राऊंडला आलेल्या डॉक्टरने सांगितलं, पदर घासला असेल, हात लावू नका. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीने माया म्हणून तिच्या डोळ्यात दूध पिळलं. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने मेडिकलवाल्याकडून थेंब आणले, त्यात स्टेरॉईड होतं. पाचव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका आला तेव्हा डोळ्याच्या डॉक्टरला बोलावणं गेलं. ती घरी गेली तेव्हा तिच्या त्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. केसपेपरवर काय लिहिलं? ‘ऑपरेशननंतर प्रकृती समाधानकारक.’

त्याच मजल्यावर पेइंग रूम आहेत. तिथल्या पेशंटने ‘डोळा खुपतोय’ म्हटलं की तासाभरात डोळ्याचा डॉक्टर बॅटरी घेऊन हजर. दुखणं तेच. शब्द तेच. फरक एवढाच की एकाचा शब्द ही तक्रार असते आणि दुसरीचा शब्द हे रडगाणं. आपल्या माणसाची साक्ष गावच्या पंचायतीत चालली नाही, कोर्टात चालली नाही, आणि स्वतःच्या डोळ्याबद्दलही चालत नाही. मी याला जात म्हणतो. तुम्हाला दुसरा शब्द सापडला तर कळवा.

आता डोळ्याचं शास्त्र नीट समजून घ्या. वॉर्डात उभं राहून बोलायचं तर ते माहीत पाहिजे. नुसत्या घोषणेने डॉक्टर घाबरत नाही. जाणकार प्रश्नाने घाबरतो.

बुबुळाच्या वरच्या पातळ थराला ओरखडा गेला की ऑपरेशननंतर काही तासांत डोळा खुपतो, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही, वाळू गेल्यासारखं वाटतं. तपासणी सोपी. रंगाची कागदी पट्टी डोळ्याला टेकवायची, निळ्या उजेडात बघायचं, ओरखडा हिरवा चमकतो. जंतू मारणारे थेंब नाहीतर मलम, वेदनेवर गोळी, आणि रोज बघणं. बहुतेक ओरखडे एक ते तीन दिवसांत भरतात. डोळा बांधून ठेवल्याने लवकर भरतो असं नाही. तीन गोष्टी मात्र करू द्यायच्या नाहीत. एक, डोळ्याच्या डॉक्टरने सांगितल्याशिवाय स्टेरॉईडचे थेंब. त्याने लाली उतरते आणि आत जंतू माजतात. दोन, बधिर करायचे थेंब घरी न्यायला देणं. दुखणं थांबतं, पण जखम भरत नाही आणि बुबुळ खराब होतं. तीन, दूध, मध, तूप, अंगारा. ज्या बाईने दूध घातलं तिची माया मी नाकारत नाही, पण मायेने जंतू मरत नाहीत. बाबासाहेबांनी आपल्याला अंगाऱ्यातून बाहेर काढलं ते मेडिकलवाल्याच्या थेंबात बुडायला नव्हे.

दुखणं वाढलं, दिसणं कमी झालं, पांढरा ठिपका दिसला, किंवा दोन दिवसांत आराम पडला नाही, तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर. उद्या नाही. ऑपरेशननंतर लाल डोळ्यासोबत डोकं ठणकत असेल, उलटी होत असेल, तर तो अचानक आलेला काचबिंदूही असू शकतो, आणि तिथे तर तास मोजायचे असतात. साखरेच्या पेशंटचा ओरखडा उशिरा भरतो. आणि आपला माणूस टाके ओले असतानाच कामावर परततो. ऊसतोडीला, भट्टीवर, मळणीवर. उघड्या जखमेच्या डोळ्यात पाचटाचं कुसळ, धसकटाची धूळ गेली की बुरशी धरते. बुरशीचा व्रण बरा करणं फार अवघड. एसीत आराम करणाऱ्याचा ओरखडा आणि उसाच्या फडातला ओरखडा कागदावर सारखाच असतो, शेवट सारखा नसतो.

आणि ओरखडा हा या घरातला लहान भाऊ. मणक्याच्या ऑपरेशनला पेशंटला पालथं झोपवतात. तासन्‌तास. तोंड खाली, उशीत. त्या वेळी उशीचा दाब डोळ्यावर आला तर आतला रक्तपुरवठा तुटतो आणि माणूस कायमचा आंधळा होऊ शकतो. दाब नसतानाही, फार लांबलेल्या आणि फार रक्त गेलेल्या ऑपरेशनात डोळ्याची नस सुकू शकते. म्हणून डोकं हृदयाच्या पातळीला किंवा थोडं वर ठेवायचं, डोळे मोकळे आहेत ना ते थोड्या थोड्या वेळाने वाकून बघायचं, आणि हा धोका सहीच्या आधी पेशंटला सांगायचा. आपल्या लोकांची सही, बहुतेकदा अंगठा, कशावर घेतात ते तुम्ही पाहिलंय. ‘इथं करा.’ एवढंच सांगतात.

तोंडा-मानेच्या ऑपरेशनला कातडी धुवायचं औषध डोळ्यात ओघळतं. क्लोरहेक्सिडीन असेल तर बुबुळ गढूळ होऊन बसतं. गेलंच तर त्या क्षणी भरपूर सलाईनने धुवायचं. शुद्धीवर येताना माणूस अर्धवट गुंगीत डोळे चोळतो, आणि नेमका तर्जनीला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला असतो, तो बुबुळावर बसतो. चिमटा दुसऱ्या बोटाला लावा, झालं. आयसीयूत व्हेंटिलेटरवर दिवसेंदिवस पडलेल्या माणसाचे डोळे दर काही तासांनी पुसायचे, ओले ठेवायचे, मिटायचे. यातल्या एकाही गोष्टीला परदेशी मशीन लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली ऑपरेशनच्या सुरक्षिततेची यादी काढली. 19 बाबी. पेशंटचं नाव, ऑपरेशनची जागा, ॲलर्जी, कापूस-सुयांची मोजणी. चांगली यादी. त्या 19 बाबींत डोळा नाही. पण आपापल्या इस्पितळाने यादीत भर घालावी असं त्या संघटनेनेच सांगितलंय. मग घाला की विसावी ओळ: डोळे मिटले का? कोण अडवतंय?

‘फुकटात करतो ना आम्ही, मग एवढं चालायचंच’ हा सूर मी थेटरात ऐकलाय. या सुराचा इतिहास आहे. उत्तर प्रदेशात खुर्जाला एप्रिल 1986 मध्ये एका सेवाभावी क्लबाने डोळ्यांचं शिबिर भरवलं. 108 जणांची ऑपरेशनं, त्यातली 88 मोतीबिंदूची. 84 जणांचा ऑपरेशन केलेला डोळा कायमचा गेला. डोळ्यात वापरलेलं सलाईनच दूषित होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1989 साली निकाल लागला. आधी दिलेले 5,000 आणि वर 12,500. म्हणजे एका डोळ्याचे 17,500 रुपये. त्यानंतर नियम निघाले, परिपत्रकं निघाली. आणि मग 2015 साली मध्य प्रदेशात बडवानी, 2021 साली बिहारात मुजफ्फरपूर. मोतीबिंदू काढायला गेलेली गरीब माणसं डोळा गमावून घरी आली. मुजफ्फरपूरला तर डोळे काढून टाकावे लागले. अशा शिबिरात कोण जातं? ज्याच्यापुढे दुसरा दरवाजा नाही तो. आणि स्टेजवर हार कोणाच्या गळ्यात पडतात?

कायदा काय म्हणतो? 1995 साली सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं. फार चांगलं झालं. पण त्याच निकालात आहे की जिथं सगळ्यांनाच सगळं फुकट मिळतं ते इस्पितळ या कायद्याबाहेर. काही पेशंट पैसे भरत असतील तर तिथला फुकटवालाही ग्राहक धरला जातो. म्हणजे तुमच्या शेजारच्या खोलीत कुणी पैसेवाला असेल तर तुमच्या डोळ्याला किंमत. इस्पितळात सगळेच गरीब असतील तर मग दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या चढा आयुष्यभर.

धम्मपदाच्या अट्ठकथेत पहिलीच गोष्ट चक्खुपाल थेराची आहे. अरहंत झाला पण डोळे गेले. का गेले? तर म्हणे मागच्या जन्मी तो वैद्य होता. एक गरीब बाई डोळ्याच्या उपचाराला आली. डोळे बरे झाले तर मी आणि माझी लेकरं तुझे दास होऊ, असं तिने कबूल केलं. डोळे बरे झाले, तशी ती घाबरली आणि बरे झाले नाहीत म्हणाली. वैद्याने सूड म्हणून असं औषध दिलं की ती आंधळी झाली.

मागच्या जन्माचं कर्म बाबासाहेबांनी उडवून लावलंय, मलाही ते नको. मला त्या गोष्टीतली बाई दिसते. डोळ्याची फी म्हणून लेकराबाळांसकट गुलामी कबूल करावी लागलेली बाई. ती खोटं बोलली म्हणून तिला दोष देणारे अजून आहेत. मी म्हणतो, उपचाराच्या बदल्यात गुलामी कबूल करावी लागते हाच पहिला गुन्हा. आज गुलामीचा कागद लिहून घेत नाहीत. आज कृतज्ञता मागतात. जीव वाचवला ना? मग डोळ्याबद्दल तोंड उघडू नका. आपले लोक हात जोडून ‘डॉक्टर देव आहे’ म्हणतात आणि एक डोळा तिथेच ठेवून घरी जातात. देव आपण 1956 साली सोडले. पांढऱ्या कोटातला तेवढा ठेवायचा काय म्हणून?

बाबासाहेबांची नजर शेवटच्या वर्षांत अधू झाली होती. तरी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ पुरा करण्यासाठी ते रात्र रात्र बसत. डोळा म्हणजे काय हे आपल्या चळवळीइतकं कुणाला ठाऊक असावं? ज्यांना हजारो वर्षं अक्षर बघू दिलं नाही, त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या डोळ्याची ही गोष्ट आहे.

तेव्हा कामाला लागा. आपल्या शाखेतल्या दोघांनी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या इस्पितळात जायचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटच्या सोबत बसून भूलतज्ज्ञाला विचारायचं: भुलीत डोळे मिटून पट्टी लावणार ना? नम्रपणे विचारायचं, पण उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही. ऑपरेशननंतर दर पेशंटला विचारायचं: डोळा खुपतो का? खुपत असेल तर सिस्टरला सांगायचं आणि केसपेपरवर वेळेसकट लिहून घ्यायचं. लिहिलं नाही तर ते घडलंच नाही, हे लक्षात ठेवा. कागद दडवले तर लेखी अर्ज द्यायचा. 2002 च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून 72 तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. सरकारी इस्पितळाला 2005 च्या माहिती अधिकारात विचारा: भुलीतल्या पेशंटच्या डोळ्यांसाठी तुमचा लेखी नियम काय, आणि वर्षात किती इजांची नोंद झाली? ‘निरंक’ असं उत्तर आलं तर समजा की मोजतच नाहीत.

आणि शेवटची मागणी माझ्या भावकीची, मामा-मावशींची. थेटरात उभा असलेला कुणीही, झाडूवाला असो की विभागप्रमुख, ‘डोळा उघडा आहे’ म्हणाला तर काम थांबवून डोळा मिटलाच पाहिजे, हा नियम भिंतीवर मराठीत लावा. बघणारे डोळे आमच्याकडेही आहेत. सतरा वर्षं आम्ही ती पांढरी फट बघतोय. आता बोलणार.

जयभीम.